चष्मा घरी राहिला

हॅलो... हॅलो... माइक चेक... मागं बसलेलं पावणं, आवाज येतोय का?

येत नसणार, ठाऊक आहे मला. माझा आवाज कधीच गेला. पण सवय हो! बोलायच्या आधी एवढं म्हटल्याशिवाय आम्हा माइकच्या जातीला चैन पडत नाही.

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, वायरीचा. माझी जाळी एका बाजूनं चेपली आहे, बटण सैल झालं आहे आणि मुठीजवळचा काळा रंग घामानं पार निघून गेला आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. तुम्ही म्हणाल, ज्याला बोलता येत नाही त्या माइकला टेबलावर कशाला ठेवलंय? अहो, त्याचीच तर गोष्ट सांगायची आहे. जरा दम धरा.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. तारा जोडल्या, जाळी बसवली, खोक्यात घातलं, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कोल्हापुरातल्या एका साउंडच्या दुकानात. आम्ही पाच-सहा माइक कपाटात ओळीनं उभे असायचो. कुणाच्या नशिबी लग्नाचा हॉल, कुणाच्या नशिबी देऊळ, कुणाच्या नशिबी पुढाऱ्याची सभा, याच विचारात दिवस जायचे. एक दिवस एक धिप्पाड माणूस आत आला आणि दुकानदाराला म्हणाला, "पावणं, असा माइक द्या की, घामेजल्या हातातनं निसटला न्हाय पायजे."

त्यानं मला उचललं, मुठीत गच्च आवळलं आणि ओरडला, "आला रं आला!" दुकानातली काच हादरली. मी तर तिथंच त्याचा झालो.

तो होता उचगावचा जोतीराम, कुस्तीच्या मैदानांचा निवेदक. पैलवान एकमेकांना भिडले की कोण कुठला, वस्ताद कोण, डाव कुठला पडला, हे हजारो माणसांना सांगायचं, हे त्याचं काम. घरी दोन म्हशी आणि थोडी शेती होती, पण यात्रांचा हंगाम आला की जोतीराम घरात सापडायचा नाही. "घातली ढाक! सुटला! न्हाय न्हाय, पुन्हा धरला! अरं पोरगं हाय का वाघ!" तो बोलायला लागला की पार मागं ट्रॉलीवर चढून बसलेल्या माणसालाही आपण आखाड्याच्या तांबड्या मातीत उभे आहोत असं वाटायचं. कुठल्या पैलवानाच्या आज्यानं कुणाला अस्मान दाखवलं होतं, ते सगळं त्याला तोंडपाठ. हातात कागद कधी नसायचा. लोक म्हणायचे, काय डोकं आहे माणसाचं! मग त्याला फेटा बांधायचे. फेटा त्याच्या डोक्याला, पण फुगायचो मी.

मैदानात एक रीत असते, मित्रांनो. कुस्ती रंगली की बघणारे खूश होऊन पैलवानाला बक्षीस लावतात आणि आपलं नाव चिठ्ठीवर लिहून निवेदकाकडं पाठवतात. ते नाव माइकवरून पुकारलं गेलं पाहिजे, नाहीतर पावणं रुसलंच म्हणून समजा. अशी चिठ्ठी आली की जोतीराम शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणायचा, "जरा वाचा की. चष्मा घरी राहिला." तो माणूस कानात वाचायचा आणि जोतीराम ते नाव असं पुकारायचा की नाववाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

गडहिंग्लजच्या मैदानात चष्मा घरी राहिला. नृसिंहवाडीकडच्या यात्रेत चष्मा घरी राहिला. दर मैदानात तो घरीच राहायचा. आता मीही त्याच घरात राहायचो. कपाट, कोनाडा, खुंटी, सगळं माझ्या नजरेखालचं. त्या घरात चष्मा नव्हताच. पण मी कुणाला काय सांगणार? माइकचं कामच असं की दुसरा बोलेल तेवढंच आपण बोलायचं.

मग बिनवायरीचा माइक निघाला. चकाचक, हलका, खिशात मावेल असा. जोतीराम वायर मागं न ओढता सगळ्या आखाड्याभोवती फिरायला लागला आणि माझी वायर गुंडाळून मला दाराच्या मागं खुंटीला अडकवलं. कोळ्यानं माझ्या जाळीवर स्वतःची जाळी विणली. मला फार वाईट वाटलं. इतक्या मैदानांत ज्याच्या तोंडाशी राहिलो, त्यानं एकदा मागं वळूनसुद्धा बघू नये? पण खुंटीवर टांगलेल्याला दुसरा उद्योग नसतो, म्हणून मी घरात काय चाललंय ते बघायला लागलो.

घरात तीन माणसं. जोतीराम, त्याची बायको बाळाबाई आणि मुलगी प्रियदर्शनी. तिला सगळे दर्शी म्हणायचे. दर्शी म्हणजे तोंडाची तिखट पोरगी. डेअरीवाल्यानं दुधाची फॅट कमी दाखवली की भांडायला बाप तिलाच पाठवायचा, आणि ती जिंकूनच यायची. पण पुस्तक उघडलं की हीच पोरगी गप्प व्हायची. एका ओळीवर बोट ठेवायची, वाचायची, पुन्हा तीच ओळ वाचायची आणि कपाळ चोळत बसायची.

"आई, ह्या ओळी हलत्यात गं. एका जाग्यावर उभ्याच ऱ्हात न्हाईत."

"झोप आली असंल तुला," बाळाबाई म्हणायची आणि स्वतः पुस्तक घेऊन वाचून दाखवायला बसायची. बाळाबाईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. तरी धडे वाचून वाचून तिनंच लेकीला बारावीपर्यंत आणलं होतं. पण एक गोष्ट मी खुंटीवरून नेमकी टिपली होती. दर्शी 'ओळी हलत्यात' म्हणाली रे म्हणाली, की जोतीराम उठून गोठ्यात निघून जायचा.

कॉलेजात मात्र दर्शीचा निभाव लागेना. बी. ए.च्या पहिल्याच वर्षी ती अर्थशास्त्रात आणि इतिहासात नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसली, पुन्हा नापास. जोतीराम भडकला. "वर्गात बसतीस का झोपतीस? आता ही शेवटची खेप. निघालीस तर निघालीस, न्हायतर कॉलेज बंद. घरात बस आन् म्हशी बघ."

दर्शीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज वाकला नाही. "म्हशी मी बघतीयच की, आबा. पर मला पदवी पायजे. मी सोडणार न्हाय." त्या दिवशी मला ती फार आवडली, मित्रांनो.

थोड्याच दिवसांनी उचगावच्या त्या घरी एक बाई आल्या. त्या दर्शीला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या पद्मजा मॅडम होत्या. बाळाबाईनं चहा ठेवला. मॅडमनी सरळच विषय काढला. "भाऊ, तुमची मुलगी वर्गात सगळ्यात आधी हात वर करते. तिनं पेपर कोरा का सोडला, ते मला कळेना. म्हणून मी तिला तेच प्रश्न तोंडी विचारले. तिनं धडाधड उत्तरं दिली. तिला विषय येतो. वाचणं आणि लिहिणं तिच्या आड येतं. याला शिकण्यातली अडचण म्हणतात, आणि तिची तपासणी होते. दाखला मिळाला की परीक्षेत तिला लेखनिक मिळेल. प्रश्न तो वाचून दाखवेल, उत्तर ही सांगेल आणि तो लिहील. वेळही जास्त मिळेल."

जोतीरामनं कप खाली ठेवला. "म्हंजे माझी पोरगी खुळी हाय व्हय?"

"खुळी असती तर मी एवढ्या लांब आले असते का?" मॅडमही काही कमी नव्हत्या.

"दवाखान्याचा शिक्का बसला की जन्मभराचं झालं की! कोण करून घेणार हिला? आमच्या घरात कुणाला असलं काय न्हाय, म्याडम." असं म्हणून तो गोठ्यात गेला. बाळाबाई त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, लेकीला घेतलं आणि कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याची बस धरली. नवऱ्याला विचारलं नाही. बरेच हेलपाटे झाले, तपासण्या झाल्या आणि दाखला मिळाला.

मॅडमनी अजून एक सुचवलं होतं. धडे कुणीतरी मोठ्यांदा वाचायचे आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. मग दर्शी काम करता करता ऐकेल. म्हणून धारा काढून झाल्या की बाळाबाई मोबाइल समोर ठेवून अर्थशास्त्र वाचायला बसायची. दिवसभर राबलेली बाई ती. आवाज बसलेला, शब्द अडखळलेले, मध्येच जांभई. "वस्तूची... किंमत... वाढली असता... मागणी..."

बाहेरच्या सोप्यात बसलेल्या जोतीरामला ते ऐकवेना. लेकीवरचा राग एकीकडं आणि निवेदकाचं रक्त एकीकडं! एका संध्याकाळी तो ताडकन उठला. "अगं, असं व्हय सांगत्यात? माणूस झोपंल की! सरक तिकडं."

"तुमी वाचताय?" बाळाबाईनं विचारलं. एवढेच दोन शब्द. जोतीराम जागच्या जागी थिजला. मग हळू आवाजात म्हणाला, "तू वाच. मी सांगतो."

आणि तो मोबाइलसमोर बसला, घसा खाकरला, तोंड उघडलं... आणि शब्दच फुटेना! हजारो माणसांसमोर गर्जणारा गडी त्या एवढ्याशा मोबाइलपुढं लाजून बसला. हात नुसता मांडीवर चाळवत होता. मग त्याची नजर फिरत फिरत दाराच्या मागं आली. त्यानं मला खुंटीवरून काढलं, जाळी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मुठीत धरलं. माझी वायर कशालाच जोडलेली नव्हती, नुसती लोंबत होती. त्याला काय त्याचं! हातात माइक आला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखे शब्द सुटले.

"मंडळी, आता मैदानात येत आहेत किंमत पैलवान, लाल लांग कसलेले! आन् समोर हाय मागणी, निळी लांग! सलामी झडली! किंमत वर चढली, वर चढली... मागणी खाली! आता किंमत खाली आली... मागणी उसळली वर! बघा मंडळी, एक वर तर दुसरा खाली. दोघं एकदम वर न्हाईत!"

दर्शी पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली. "आबा, कळालं मला! एका दमात कळालं!"

त्या दिवसापासून घरात रोज मैदान भरायला लागलं. बाळाबाई एक वाक्य वाचायची, जोतीराम ते कानात घ्यायचा आणि मला तोंडाशी धरून सांगायचा. बँका भिडल्या, कर भिडले, इतिहासातली राजघराणी तर काय, आयतीच भिडलेली होती. दर्शी शेण काढताना ऐकायची, कॉलेजच्या बसमध्ये ऐकायची, भाकरी थापताना ऐकायची. मला पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं. आवाज माझ्यातून जात नव्हता, पण मी हातात असल्याशिवाय तो निघतही नव्हता. यात कमीपणा कसला?

पण मित्रांनो, आम्ही मैदानातली माणसं. आमच्याकडून चूकही मैदानातलीच व्हायची.

परीक्षेआधी मॅडमनी सराव पेपर घेतला. लेखनिक म्हणून ज्युनिअर कॉलेजातली अदिती नावाची मुलगी आली होती. लेखनिकानं सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, असा नियम. अदिती मोठी नियमाची. दर्शीनं छाती काढून सांगितलं आणि अदितीनं अक्षर न् अक्षर उतरवलं. 'मागणीचा नियम स्पष्ट करा' या प्रश्नाखाली उत्तर होतं: 'लाल लांगेची किंमत वर चढली तशी निळ्या लांगेची मागणी खाली गेली आणि हलगी जोरात वाजली.'

मॅडम आधी खो खो हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "दर्शी, तुला नियम कळला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण पेपर तपासणारा आखाड्याच्या कडेला बसलेला नसतो गं. याला मी गुण देऊ शकत नाही."

एवढ्यावर भागलं असतं. पण ते उत्तर वर्गभर झालं. पोरं हलगी वाजवल्यासारखं बाक वाजवायला लागली. कुणीतरी म्हणालं, "हिचं बरं हाय. पेपर लिवणार दुसरं, पास होणार ही." दर्शी घरी आली आणि दप्तर कोपऱ्यात टाकून म्हणाली, "मला लेखनिक नको. मी माझ्या हातानं लिवणार. नापास झाले तर झाले."

मॅडमनी फोनवर खूप समजावलं, उपायही सांगितला. प्रत्येक कुस्तीच्या शेवटी साध्या भाषेत निकाल सांगायचा. जोतीरामला ते लगेच पटलं. मैदानातही कितीही आरडाओरडा झाला तरी शेवटी 'अमुक गावचा अमुक पैलवान विजयी' हे साध्या शब्दांत सांगावंच लागतं. "कुस्ती डोक्यात ठेव, दर्शे. पेपरात निकाल तेवढा सांग. 'किंमत वाढली की मागणी घटते.' झालं, संपलं." असा त्यानं सगळ्या धड्यांचा निकाल रेकॉर्ड करून दिला. दर्शी ऐकत होती, पाठ करत होती, पण लेखनिकाचं नाव काढलं की मान हलवायची. "लोक हसत्यात, आबा. मला ते जमायचं न्हाय."

तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं तर पुन्हा नापास होणार, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. आणि कॉलेज बंद करायचा शब्द जोतीरामचाच होता. तो रात्री जेवेना. मला हातात घेऊन नुसता बसायचा.

परीक्षेच्या आदल्या रविवारी शेजारच्या गावच्या यात्रेचं मैदान होतं. जोतीराम दर्शीला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. डोकं जरा मोकळं हुईल." निघताना का कोण जाणे, त्यानं मलाही पिशवीत टाकलं. बाळाबाई म्हणाली, "दुसरा माइक हाय की." तो म्हणाला, "असू दे. हात वळलाय आता ह्याला."

आणि काय सांगू मित्रांनो! कुस्त्या ऐन रंगात आल्या आणि तो चकाचक बिनवायरीचा माइक खर्रर्र करून गप्प झाला. बॅटरी उतरली होती. मला खोटं बोलायचं नाही, मला फार आनंद झाला. जोतीरामनं मला पिशवीतून काढलं, साउंडवाल्यानं वायर जोडली आणि कितीतरी काळानं माझ्या अंगातून वीज फिरली. आवाज गेला तो थेट उसाच्या फडापर्यंत.

तेवढ्यात सरपंच विजयसिंह पुढं आले आणि त्यांनी जोतीरामच्या हातात चिठ्ठी दिली. बक्षीस लावणाऱ्यांची नावं होती. सवयीनं जोतीराम सरपंचांकडं वळला. "जरा वाचा की. चष्मा..."

तो तिथंच थांबला. दर्शी स्टेजच्या पायरीवर बसली होती. तिच्याकडं त्यानं बघितलं. माझ्याभोवतीची त्याची मूठ घामानं चिंब झाली होती.

"हलगी थांबवा जरा," तो म्हणाला. हलगी थांबली. "मंडळी, ही चिठ्ठी माझ्या हातात हाय. आता मी पावण्यास्नी म्हणणार हुतो, चष्मा घरी राहिला. दरसाल म्हणतो. आज खरं सांगतो. मला चष्माच न्हाय. मला वाचता येत न्हाय. शाळंत गेलतो की मी. पर अक्षरं माझ्यापुढं एका जाग्यावर उभी ऱ्हाईनात. मास्तरनी मारलं, बापानं मारलं, मी शाळा सोडली. तवापासनं लपवत आलोय. माझ्या बायकोशिवाय कुणाला ठावं न्हाय."

पैलवानसुद्धा एकमेकांचे हात सोडून वर बघायला लागले.

"इतकी वर्षं दुसऱ्यानं वाचलं आन् मी बोललो. तुमी मला फेटं बांधलासा. कुणी म्हणालं न्हाय, की जोतीराम दुसऱ्याच्या डोळ्यानं बोलतोय. आता माझी पोरगी बोलणार हाय आन् दुसरं कुणीतरी लिवणार हाय. त्यात लाज कसली? लाज वाटायची तर मला वाटू दे, मी लपवलं म्हणून. तिनं कायबी लपवायचं न्हाय. सरपंच, आता वाचा ही चिठ्ठी. कानात नको. मोठ्यांदा वाचा."

मी कितीतरी गर्जना ऐकल्या आहेत, मित्रांनो. पण इतकं जड बोलणं माझ्या जाळीतून कधी गेलं नव्हतं. त्या दिवशी मी एकदासुद्धा खरखरलो नाही. जीव एकवटून उभा होतो.

सरपंचांनी चिठ्ठी मोठ्यांदा वाचली. मग एक म्हातारे वस्ताद उठले आणि त्यांनी आपल्या डोक्याचा फेटा काढून जोतीरामच्या डोक्यावर ठेवला. जोतीराम मला हातात धरून नुसता उभा. तेव्हा दर्शी स्टेजवर चढली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आबा, पुढची जोड पुकारा की. पैलवान ताटकळल्यात."

घरी जाताना टेम्पोत बसूनच तिनं अदितीला फोन लावला. "उद्या वेळेवर ये बाई. आन् मी सांगीन तेवढंच लिव."

परीक्षेला मी नव्हतो. पण बाळाबाई बाहेर पायरीवर बसून होती, तिनं घरी येऊन सगळं सांगितलं. दर्शीला वेगळी खोली दिली होती. ती प्रश्न ऐकायची, डोळे मिटायची, मूठ अशी वळायची जसा काही मीच तिच्या हातात आहे, आणि ओठातल्या ओठात अख्खी कुस्ती खेळायची. मग डोळे उघडून निकाल सांगायची. पण आवाज मात्र बापाचा! दोन खोल्या पलीकडं ऐकू जायला लागल्यावर पर्यवेक्षक बाहेर आले. "बाई, तुमची मुलगी केवढ्यांदा बोलते हो!"

"बोलू द्या की," बाळाबाई म्हणाली. "लई वर्षं गप्प हुती."

दर्शी पास झाली. पहिली बिहिली आली नाही, उगाच कशाला फुगवून सांगू? इतिहासात तर काठावरच निघाली. पण स्वतःच्या अकलेवर निघाली. कॉलेज बंद करायचा शब्द जोतीरामनं स्वतःच मागं घेतला आणि पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी मला हातात धरून धडे सांगितले. पदवीचा कागद आला त्या दिवशी त्यानं तो लेकीच्या हातात दिला आणि म्हणाला, "तू वाच. कितीबी वेळ लागू दे." दर्शीनं बोट ठेवून, थांबत थांबत, तो सगळा वाचला. जोतीराम आणि बाळाबाई दोघंही तो संपेपर्यंत उभी होती. मी खुंटीवर नव्हतो, जोतीरामच्या हातातच होतो.

त्यानंतरच्याच हंगामात माझा आवाज गेला. दुकानदारानं उलटसुलट करून बघितलं आणि सांगितलं, आता ह्यात काही राम नाही. मला वाटलं, संपलं, आता भंगार. पण दर्शीनं मला उचललं आणि कॉलेजात आणलं. पद्मजा मॅडमनी तिथं एक खोली मिळवली होती. ज्यांना वाचायला, लिहायला जड जातं अशी पोरं तिथं येतात. त्यांच्यासाठी बाकीची पोरं धडे मोठ्यांदा वाचून रेकॉर्ड करतात. लेखनिकांची तयारी तिथं होते, उत्तर सांगायचा सराव तिथं होतो. जी पोरं तोंड उघडायला लाजतात, त्यांच्या हातात दर्शी मला देते. "धर. हे मुकं हाय, घाबरू नको. नुसतं धर आन् बोल." आणि खरं सांगतो, पोरं बोलतात. बाक वाजवणाऱ्यांतलीही दोघं-तिघं आता इथं वाचायला येतात. दर्शी एम. ए. करते आणि उरलेला वेळ या खोलीत घालवते.

परवाचीच गोष्ट. गडहिंग्लजकडचा आदर्श नावाचा एक पोरगा आला. उंचापुरा, तालमीतला. मॅडमनी एका मुलासाठी धडे वाचून रेकॉर्ड करायला कुणी आहे का विचारलं होतं, म्हणून कुणीतरी त्याला इथं धाडलं होतं. दर्शीनं त्याच्या हातात पुस्तक दिलं. त्यानं ते उघडलं, पानाकडं बघितलं, कपाळ चोळलं. मग पुस्तक मिटून हसत म्हणाला, "ताई, दुसऱ्या कुणालातरी द्या की. माझा चष्मा घरी राहिला."

खोलीतली बाकीची पोरं आपापल्या कामात होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दर्शी मात्र त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं एक खुर्ची त्याच्याजवळ ओढली, पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मला त्याच्या मुठीत दिलं.

"राहू दे घरी," ती म्हणाली. "आमचा पण घरीच हुता. मी वाचते हळूहळू, तू सांग."

त्या पोरानं मला गच्च धरलं, आणि मला त्या घामेजल्या मुठीची ओळख लगेच पटली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी म्हणालं की चष्मा घरी राहिला, डोकं दुखतंय, झोप येतेय, आज नको, उद्या वाचतो, तर हसू नका. 'आळशी आहेस' म्हणू नका. त्याच्याजवळ खुर्ची ओढा आणि त्याला ऐकू जाईल असं वाचा. मोठ्यांदा वाचा.